क्लचकाकू आणि चढावरचा नळ

क्लचकाकू कंपनीला सामील झाल्या, ही बातमी आमच्या गल्लीत शिंपीणबाईंच्या दुकानात जन्मली आणि दुपारच्या चहापर्यंत तिला हातपाय, शिंगं, शेपूट सगळं फुटलं. सकाळी बातमी एवढीच होती की गॅस कंपनीचे साहेब काकूंच्या गाडीत दिसले. थोड्या वेळानं ते पुढच्या सीटवर दिसले. मग दोघं हसत होते. मग काकूंच्या मांडीवर एक जाडजूड पाकीट होतं. संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर विरोध समितीची बैठक भरली, तोपर्यंत कंपनीनं काकूंना नवी गाडी, नवं ऑफिस आणि वर काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन देऊनही टाकलं होतं. काकांना मोतीबिंदू नाही, याची आठवण कुणालाच झाली नाही.

खरं काय ते आधीच सांगून टाकू, नाहीतर तुम्हीही पुढं कुणाच्या तरी कानाला लागाल. पाकीट म्हणजे काकूंच्या चष्म्याचं घर. साहेब पुढच्या सीटवर होते हे खरं, पण स्टिअरिंगच्या मागं. आणि हसत कुणीच नव्हतं. साहेबांचे दात दिसत होते ते भीतीनं. साहेब गाडी शिकत होते.

आता काकूंकडं गाडी शिकणं म्हणजे काय, हे माहीत नसलेला माणूस आमच्या गावात शोधावा लागेल. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक फिकट पिवळी गाडी आणि घराची बाहेरची खोली. खोलीत दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, आणि मधोमध एका स्टुलावर खिळ्यांनी ठोकलेलं जुनं स्टिअरिंग. नवा विद्यार्थी आला की आधी त्या स्टुलासमोर बसतो आणि काकू स्वयंपाकघरातून हाक देतात, "डावीकडं वळा! आता उजवीकडं! भिंतीत घुसलात, पुन्हा!" गावातले निम्मे लोक असे एकेकाळी त्या भिंतीत घुसलेले आहेत.

क्लचकाकू हे नाव त्यांना त्यांच्या आवाजानं मिळवून दिलं. "क्लच! अहो, क्लच म्हणतेय मी! देवानं डावा पाय काय नुसता चप्पल घालायला दिलाय?" हा आवाज सकाळी चढावरून आला की खालच्या आळीतल्या बायका दुधाखालचा गॅस बंद करतात, कारण घड्याळापेक्षा काकू पक्क्या. पण ओरडून झालं की त्याच काकू एकदम मऊ होतात. म्हणतात, "झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण कसं काढता? तसा क्लच सोडा." आणि खरोखर, त्यानंतर सुटतो.

बाळाचं काम काका करतात. काका म्हणजे काकूंचे यजमान, घड्याळं दुरुस्त करायचे, आता निवृत्त. ते मागच्या सीटवर असतात, वजनाला. काकूंचं म्हणणं असं की रिकामी गाडी चढावर कुणीही नेईल. माणूस मागं बसला की कळतं. म्हणून रोज प्रत्येक धड्याला काका मागं, खिडकीला डोकं टेकून, आणि गल्लीचं वळण यायच्या आत गाढ झोपलेले. हॉर्ननं त्यांना जाग येत नाही. ट्रकच्या भोंग्यानं येत नाही. काकूंच्या ओरडण्यानं तर नाहीच. ती सवय संसाराच्या सुरुवातीच्या काळातच अंगी बाणवून घेतली, असं ते स्वतः सांगतात. मात्र गाडीनं एक हिसका दिला की काकांचे डोळे टक्क उघडतात. काकू आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला "छान" म्हणाल्या नाहीत. चढ चढून झाला की त्या फक्त मान वळवून मागं बघतात. काका झोपलेले असतील तर पुढचा धडा. जागे असतील तर गाडी पुन्हा खाली.

चढ हा काकूंचा खरा वर्ग. गावात बाकी सगळी सपाटी. तो एकच रस्ता डोंगराच्या अंगानं वर जातो, अरुंद, एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला गटार. आणि त्याच्या मध्यावर, जिथं रस्ता सगळ्यात उभा आहे, तिथं पूर्वी सार्वजनिक नळ होता. काकू तरुणपणी सासऱ्यांच्या बेकरीची गाडी चालवायला शिकल्या तेव्हा ती नेमकी तिथं बंद पडली, मागं घरंगळली आणि औषधवाल्याच्या आईची भरलेली बादली चेपली. त्या बाईंनी भर रस्त्यात काकूंचा असा उद्धार केला की काकूंच्या माहेरच्या लोकांनाही तिकडं ठसका लागला असेल. पण त्या दिवशी काकूंनी एक नियम केला. नळापाशी गाडी पूर्ण थांबवायची. हँडब्रेक ओढायचा. तिन्ही आरसे बघायचे. आणि मग बोटभरही मागं न सरकता पुढं जायचं. बायका बादल्या घेऊन तिथंच रस्ता ओलांडायच्या, तेव्हा नियमात अर्थ होता.

पुढं घरोघर पाणी आलं, बायकांचं ओलांडणं संपलं, नळ कुणीतरी काढून नेला. राहिला तो सिमेंटचा छोटा ओटा आणि त्यावर बसणारी एक गुबगुबीत मांजर. नियम मात्र जागचा हलला नाही. गावातली अर्धी माणसं काकूंकडं शिकलेली, आणि उरलेली त्यांच्याकडं. त्यामुळं शाळेची बस नळापाशी थांबते, पोस्टाची गाडी थांबते, पाववाला थांबतो. नवराबायको गाडीत भांडत चालले असतील तर भांडणही नळापाशी थांबतं, आरसे बघून होतात, आणि मग दोन्ही पुन्हा सुरू होतात. बाहेरगावची एखादी गाडी मागून येऊन आपटते, तेव्हा आमचा माणूस उतरून तिलाच रागावतो, "नळ दिसत नाही का?" आता तो कसा दिसणार, तो तिथं नाहीच. पण हे बोलून दाखवायची कुणाची हिंमत नाही.

अशा या चढावर कंपनीची नजर पडली.

डोंगरामागच्या माळाखाली गॅस आहे, असा कंपनीला शोध लागला. तिथं खोलवर भोकं पाडायची, मोठं यंत्र उभं करायचं, दिवसभर ट्रकनं पाइप, सिमेंट, पाणी, रसायनं वाहायची आणि गॅस काढायचा. पहिल्या सभेत त्यांनी पडद्यावर हिरवंगार गवत, फुलपाखरं आणि हसणारी पोरं दाखवली. त्या चित्रात यंत्र कुठंच नव्हतं. औषधवाला उभा राहिला. हा आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या दुकानाचा मालक. बोलायला लागला की औषधाच्या बाटलीसारखा आधी हलवावा लागत नाही. त्यानं विचारलं, "एवढं छान असतं, तर तुमच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यामागं आधी खणा की! आमच्या विहिरी त्या माळाच्या बरोबर खाली आहेत. पाणी बिघडलं तर काय, फुलपाखरं पिऊ?" टाळ्या पडल्या, आणि त्याच टाळ्यांत विरोध समिती निघाली. घरांवर फलक लागले. शिंपीणबाईंनी जुन्या पडद्यांचे झेंडे शिवले. शनिवारी मोर्चा, रविवारी धरणं, असा गावाला नवा दिनक्रम मिळाला.

काकू कशालाच गेल्या नाहीत. "सकाळ-संध्याकाळ माझ्या शिकवण्या असतात," म्हणाल्या. "आणि घोषणांना आवाज लागतो. माझा आधीच कामाला लागलाय."

पण खरी गोम त्यांना समितीच्याही आधी कळली होती. माळावर जायला दुसरा रस्ता नव्हता. कंपनीला परवानगी मिळाली की चढ दिवसभर फक्त ट्रकांसाठी राहणार होता. गावच्या गाड्यांना पहाटे आणि अंधार पडल्यावर. आणि चढ नाही तर काकूंचं स्कूल नाही. सपाटीवर शिकवायला त्यांना कधी जमलंच नाही, आणि जमवायचंही नव्हतं. एकदा दुपारी काकू एकट्याच गाडी घेऊन वर निघालेल्या दिसल्या. नळापाशी थांबल्या, हँडब्रेक ओढला, आरसे बघितले. आणि मग बराच वेळ पुढं गेल्याच नाहीत. मागं पाववाला येऊन उभा राहिला होता. त्यानं हॉर्न वाजवला नाही, हे त्याच्या नावावर जमा असू द्या.

कंपनीनं सुरुवातीला ट्रक चालवायला गावचेच लोक घेतले. म्हटलं, रोजगार दिला की विरोध मावळेल. पहिला ट्रक पाइपांनी भरून चढाला लागला. चालवणारा काकूंचा विद्यार्थी. नळापाशी आला, थांबला. हँडब्रेक ओढला. तिन्ही आरसे पाहिले. आणि मग त्या अवजड धुडानं जागचं हलायला साफ नकार दिला. त्याच्या मागं दुसरा ट्रक, तोही काकूंचाच. त्यालाही थांबायचं होतंच. क्रेन येईपर्यंत गावची शाळा बुडाली. पोरांनी कंपनीच्या नावानं जयजयकार केला, तो तेवढाच.

"थांबलास कशाला?" कंपनीचे साहेब ओरडले.

"नळ आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठाय नळ?"

ड्रायव्हरनं जरा विचार केला. "पूर्वी होता."

साहेबांना आधी हा समितीचा कट वाटला. त्यांनी बाहेरचे ड्रायव्हर आणायचं ठरवलं. पण तोवर रस्ते खात्यानं अट घातली: आधी भरलेले ट्रक चढावरून नेऊन दाखवा, वाहतूक कुठंही अडकली नाही तर परवानगी. गावच्या गाड्या मध्येच थांबायला लागल्या, तर बाहेरचे ड्रायव्हर तरी काय करणार? कुणीतरी साहेबांना सांगितलं की सगळ्याचं मूळ एका पिवळ्या गाडीत बसतं. म्हणून साहेब काकूंच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. दुसरी खुर्ची काकांनी अडवली होती, तेव्हा ते बसले ठोकलेल्या स्टिअरिंगसमोर.

"काकू, तुमच्या एका शब्दानं काम होण्यासारखं आहे."

"कुठल्या?"

"थांबू नका. एवढंच सांगा सगळ्यांना."

"ते दोन झाले," काकू म्हणाल्या. "आणि आजवर माझ्या तोंडून निघालेले नाहीत."

"आम्ही तुम्हाला मैदान करून देऊ. सपाट, पट्टे आखलेलं, झकास."

"सपाटीवर काय, गाडी आपली आपण चालते. तुम्ही कुठं शिकलात?"

साहेब स्टिअरिंगशी चाळा करत राहिले. मान खाली गेली. हे साहेब तसे वाईट नव्हते, हे गावानं नंतर कबूल केलं. कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. "मला येत नाही," ते म्हणाले. "माझी मुलगी शिकली परवा. मला बाजूला बसवून फिरवते आणि हसते."

झालं! काकूंच्या चेहऱ्यावर काय आलं ते काकांनी बघितलं आणि पायांत बूट चढवायला सुरुवात केली. भुकेल्याला ताट दिसावं तशी काकूंना न येणारा माणूस दिसला की अवस्था होते. कंपनी, माळ, मैदान सगळं त्या क्षणी बाजूला पडलं. "उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "असल्या गुळगुळीत तळव्याचे बूट घालून नको. आणि ते स्टिअरिंग डावीकडं फिरवलंत मघाशी, भिंतीत घुसलात."

हीच ती सकाळ, जिची बातमी शिंपीणबाईंच्या दुकानात शेपटासकट जन्मली.

साहेब विद्यार्थी म्हणून अगदीच ढ निघाले. पहिल्या आठवड्यात काकांची इतकी झोपमोड झाली की ते घरी येऊन झोपायला लागले. गाडी बेडकासारखी उड्या मारत चढायची, नळापाशी धापा टाकत बंद पडायची, आणि काकूंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर रोवलेला असायचा म्हणून बांध शाबूत राहिला. "साहेब, बाळ रडतंय!" काकू ओरडायच्या. "पांघरूण हळू!" एकदा साहेबांनी विचारलं, "पण नळ नाही, तर थांबायचं कशासाठी?" काकूंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की साहेबांनी नकळत चौथा आरसा शोधला. "बाई रस्ता ओलांडणार असेल तर तुम्हाला आधी सांगून येत नाही," काकू म्हणाल्या.

इकडं गाव काकूंना विसरून गेलं, म्हणजे तसं दाखवायला लागलं. विद्यार्थी एकेक करून आजारी पडले. शिंपीणबाईंकडं शिवायला टाकलेलं कापड न शिवता घडी करून परत आलं. गाडीच्या मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं 'गॅसवाली' असं लिहिलं. काकूंनी ते पुसलं, पण पुसताना दोनदा नाक ओढलं, आणि काकांनी विचारलं तेव्हा धुळीचं नाव सांगितलं.

शेवटी औषधवाला आला. काकू अंगणात गाडीच्या आत बसून डॅशबोर्ड पुसत होत्या. हा बाजूच्या सीटवर येऊन बसला, जिथं याच्या शिकण्याच्या दिवसांत काकू बसायच्या आणि हा स्टिअरिंगमागं घामाघूम व्हायचा.

"काकू, हे काय चाललंय? सगळं गाव एकीकडं आणि तुम्ही त्या माणसाला फिरवताय."

"तो मला फिरवतोय. तेही वाईट."

"थट्टा नको. परवानगी मिळाली तर पहिलं स्कूल तुमचं बंद पडणार. कळतंय ना?"

"मला नाही तर कुणाला कळणार?" काकू म्हणाल्या, आणि फडकं थांबलं. मग हळू आवाजात, "चढ गेला तर मी काय करीन, ते मलाही माहीत नाही. काका काय, कुठंही झोपतील."

औषधवाला जरा पुढं सरकला. त्याला वाटलं, आता जमलं. "मग निदान एवढं करा. त्याला नीट शिकवू नका. होऊ दे नापास, होऊ दे हसं. सगळ्या गावात नाचक्की होईल त्याची."

काकूंनी फडकं खिडकीतून बाहेर झटकलं. "उतर."

"अहो काकू, मी तुमच्याच..."

"उतर म्हणते ना! ज्या बाईची मी बादली चेपली, जिनं माझ्या सात पिढ्या रस्त्यावर आणल्या, तिचा मुलगा तू. तुला मी नीट शिकवलं की नाही? तू चार वेळा नापास झालास, ते तुझ्या कर्तृत्वानं. शिकायला आला त्याला मी चुकीचं शिकवणार नाही. मग तो कंपनीचा असो नाहीतर तुझ्या समितीचा. स्कूल बंद पडलं तर पडलं. पण चुकीचं शिकवून जे चालू ठेवायचं, त्याला स्कूल म्हणायचं कशाला?"

औषधवाला उतरला. दार लावताना जोरात आपटलं, आणि आतून आवाज आलाच, "दार हळू लाव!"

त्यानंतर साहेब सुधारले. आपलंच नशीब फुटकं म्हणून गावानं कपाळाला हात लावला, पण सुधारले. काकूंनी त्यांच्यावर जास्तच मेहनत घेतली. काकांशीही साहेबांचं सूत जमलं. त्यांनी आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ काकांना दाखवलं आणि काकांनी बऱ्याच काळानं भिंग काढलं. आणि मग एका सकाळी गाडी चढाला लागली, नळापाशी लोण्यासारखी थांबली, हँडब्रेक, आरसे, आणि वर निघून गेली. काकूंनी मान वळवून मागं बघितलं. काका घोरत होते. पुढच्याच आठवड्यात साहेबांना लायसन्स मिळालं. ते त्यांनी सगळ्यात आधी मुलीला फोन करून सांगितलं आणि मग काकांना जागं करून दाखवलं.

जाताना दारात थबकून ते म्हणाले, "काकू, स्पष्टच सांगतो. गुरुवारी ट्रक वर नेऊन दाखवायचे आहेत. मी पुढं असेन. आणि आम्ही नळाबिळापाशी थांबणार नाही."

"गाडी तुमची, पाय तुमचा," काकू म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी सगळं गाव चढावर लोटलं. बांधावर माणसं, गटाराकडेला माणसं, फलक, पडद्यांचे झेंडे. रस्ता मात्र मोकळा सोडलेला, कारण रस्ते खात्याच्या बाईंनी आल्या आल्या बजावलं होतं, "कुणी आडवं आलात तर मी ते ट्रकांच्या खात्यावर लावणार नाही." या बाई आपली गाडी वरच्या टोकाला ठेवून चालत खाली आल्या आणि नळाच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मांजर जागा सोडायला तयार नव्हती, तेव्हा बाईंनीच जुळवून घेतलं.

काकू घडीचं स्टूल घेऊन आल्या. टोमणे तयारच होते.

"या, या! विद्यार्थ्याचं कौतुक बघायला आल्या!" शिंपीणबाई म्हणाल्या.

"मग? पहिल्यांदाच माझ्या ब्रेकशिवाय चढतोय," म्हणत काकूंनी स्टूल मांडलं.

खालून इंजिनांचा आवाज आला. सगळ्यात पुढं कंपनीची पांढरी गाडी, चालवायला स्वतः साहेब. बाहेरच्या ड्रायव्हरांना वळणं माहीत नव्हती म्हणून कुणीतरी पुढं हवंच होतं, आणि साहेब स्वतः नेतायत हे मुख्य कार्यालयाला फार आवडलं होतं. मागं भरलेले ट्रक, एकापाठोपाठ एक, पाइपांचा, सिमेंटचा, यंत्राच्या सुट्या भागांचा. आणि पांढरी गाडी वळण घेऊन समोर आली तेव्हा गर्दीतून एक मोठा 'अं?' निघाला.

मागच्या सीटवर काका होते.

"बघा! नवऱ्यालाही नेऊन बसवलं!" कुणीतरी ओरडलं. काकूंनाही हे नवीन होतं. त्यांचा चष्मा नाकावर घसरला. झालं होतं असं की सकाळी मागची सीट रिकामी बघून साहेबांना गाडी सुरूच करवेना, आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली, "काका, येता का?" काकांना आजवर काकूंखेरीज कुणी कुठं बोलावलं नव्हतं. ते कोट घालून गेले.

गाडी वर येत होती. काकूंचा उजवा पाय स्टुलापुढच्या मातीवर दाबला जात होता, सुटत होता. ओठ हलत होते. वळण गेलं. बांधाचा कोपरा गेला. साहेब ताठ बसले होते, नजर सरळ, जबडा आवळलेला. थांबायचं नाही हे त्यांच्या कपाळावर लिहिलेलं दिसत होतं.

आणि नळ आला.

गाडी लोण्यासारखी थांबली. आतून हँडब्रेकचा करकर आवाज आला. साहेबांनी डावा आरसा बघितला. मधला बघितला. उजवा बघितला. आणि उजव्या आरशात त्यांना पाइपांचा ट्रक थांबताना दिसला, तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला की आपण काय केलं.

तेवढ्यात मागून भोंगे सुरू झाले. पाइपांच्या ट्रकनं पुढं जायचा जोर केला. इंजिन किंचाळलं, टायरांतून धूर निघाला, आणि तो आख्खा ट्रक इंचाइंचानं मागं सरकत बांधाला कलला आणि रस्त्यावर तिरका होऊन बसला. मागचे ट्रक एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभे. कुणाला खरचटलंही नाही. पण रस्ता असा बंद झाला की मांजरीलासुद्धा ओटा सोडून बांधावरून जावं लागलं. गाडी वरच अडकली, पण खाली ऑफिसला तर जायचं, म्हणून रस्ते खात्याच्या बाई दोन्ही हातांनी साडी सावरत गटार ओलांडून निघाल्या, आणि वाटेत एवढंच म्हणाल्या, "मला जे बघायचं होतं ते दिसलं."

पुढचं आधी सांगून टाकू. या रस्त्यानं कंपनीला परवानगी मिळाली नाही. डोंगर फोडून स्वतःचा रस्ता करण्याइतका तो गॅस आहे का, यावर मुख्य कार्यालयात बराच खल झाला म्हणे, आणि एक दिवस माळावरची कुंपणं निघाली. समिती म्हणते, दुसरीकडून येतील, म्हणून फलक अजून कुणी उतरवलेले नाहीत. शिंपीणबाईंनी काकूंचं कापड न सांगता शिवून पाठवलं, वर एक खिसाही लावून. काकूंचे आजारी विद्यार्थी सगळे एकदम बरे झाले. आणि गल्लीत आता नवी बातमी आहे की काकूंनी पहिल्या दिवसापासून सगळं ठरवूनच केलं होतं, साहेबांना मुद्दाम जाळ्यात ओढलं, काकांना मुद्दाम कोट घालून पाठवलं. ही बातमी औषधवालाच पसरवतो. ठरवण्यासारखं काही नव्हतंच. काकूंनी त्यांना शिकवलं, ते सगळ्यांना शिकवतात तसंच. पण हे सांगितलं तर गोष्टीला शेपूट उरत नाही.

त्या सकाळी मात्र चढावर कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. साहेब दार उघडून बाहेर आले. चेहरा लालबुंद, मागं भोंग्यांचा कल्लोळ. ते थेट काकूंच्या स्टुलासमोर येऊन उभे राहिले.

"काकू! हे तुम्ही मला मुद्दाम शिकवलंत!"

सगळी गर्दी पुढं सरकली. औषधवालाही, कारण त्यालाही उत्तर हवं होतं. काकू उठल्या. साहेबांना ओलांडून गाडीपाशी गेल्या, मागच्या काचेला दोन्ही हातांचा आडोसा करून आत डोकावल्या. मग वळल्या.

"ओरडू नका," काकू म्हणाल्या. "काका झोपलेत. म्हणजे थांबलात ते अगदी बरोबर थांबलात."